सुपामागचा पट्टेरी साप

शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांतल्या गावांत अंगावर पट्टे असलेल्या सापाला एकच नाव होतं: मण्यार. पट्टे पांढरे आहेत की पिवळे, डोक्याकडे दाट आहेत की शेपटीकडे, हे कोणी पाहत नसे. त्याला कारण होतं. मण्यार घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि पुष्कळदा चावल्याचं कळतही नाही. सकाळी पापण्या उचलत नाहीत, मग घास गिळता येत नाही, मग श्वास थांबतो. ज्या गावात हे एकदा घडलं, तिथली माणसं पुढे पट्ट्यांचा अभ्यास करत बसत नाहीत. आमच्या गावात ते घडलेलं होतं. माझ्या वहिनीच्या माहेरीही, मुरबाडच्या बाजूला, तिच्या सख्ख्या चुलत्याच्या बाबतीत घडलेलं होतं, आणि तिने ते लहानपणी पाहिलेलं होतं.

गाव सापगावच्या पुढे, मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत. घर कारवीच्या कुडाचं, शेणामातीने लिंपलेलं, वर कौलं. घरात आई, थोरला भाऊ म्हणजे दादा, वहिनी, त्यांची पाच महिन्यांची मुलगी आणि मी. कॉलेज संपवून मी त्या वर्षी घरीच होतो. नव्वदच्या दशकाचा मध्य असावा. जून सुरू झाला होता, भाताचं बी टाकून झालं होतं, आणि लावणीला अवकाश होता. घरात दुपारी सगळे असण्याचे जे थोडे दिवस असतात, त्यांतला तो एक.

त्या दिवशी जेवणात भात, सुकट आणि शेवळाची भाजी होती. शेवळं ही रानभाजी. पावसाळ्याच्या तोंडावर जंगलात येते आणि थोड्याच दिवसांत संपते. त्या वर्षी ती घरात पहिल्यांदाच आली होती. स्वयंपाक आई आणि वहिनी दोघींनी मिळून केला. बाळ मध्येमध्ये उठत होतं, त्यामुळे चुलीपुढची जागा दोघींनी दोन-तीनदा बदलली. सोमवार असल्याने आईचा उपास होता. दादा आणि मी आधी जेवलो. वहिनी शेवटी बसली आणि तव्यातली उरलेली भाजी तिने संपवली. ती तिला आवडायची.

जेवण आटोपून तिने संध्याकाळचे तांदूळ पाखडायला घेतले. सूप भिंतीवर खुंटीला टांगलेलं असे. तिने ते ओढलं आणि सुपामागून काहीतरी तिच्या हातावर पडलं. ती ओरडली नाही. हात झटकून दोन पावलं मागे झाली आणि म्हणाली, "चावलं."

"काय चावलं गो?" आईने विचारलं.

"जनावर. सुपामागं व्हतं. पट्टे हायत."

साप भिंतीच्या कडेने चुलीकडे निघाला होता. हातभर लांब, काळपट तपकिरी, तेल लावल्यासारखा चकचकीत, आणि अंगावर आडवे पिवळसर पट्टे. दादाने हाताला लागलं ते उचललं. ते मुसळ होतं. पहिला घाव डोक्यावर बसला, दुसराही तिथेच. सापाचं शरीर जसंच्या तसं राहिलं. डोकं मात्र मातीत मिसळलं.

जखम उजव्या हाताच्या करंगळीखाली होती. रक्ताचे बारीक ठिपके, शेजारी एक ओरखडा. ठिपके दोन की चार, यावर जमलेल्यांचं एकमत झालं नाही. जमायला वेळ लागला नव्हता. शेजारचे काका सर्वांत आधी आले. त्यांनी गोणपाटावर ठेवलेला साप पाहिला आणि ते एकच शब्द बोलले, "मण्यार."

यानंतर जे झालं ते गावात अशा वेळी नेहमी जे होतं तेच होतं. जुन्या लुगड्याची पट्टी फाडून वहिनीच्या दंडाला आणि मनगटाला आवळून बांधली गेली. एक जण कडुनिंबाच्या डहाळ्या घेऊन आला. पाला चावायला द्यायचा. कडू लागला तर विष नाही, कडू लागला नाही तर विष अंगात गेलं, ही परीक्षा. काकांनी मूठभर पाला वहिनीच्या हातात दिला.

ती चावत राहिली.

"कडू लागतं काय?"

"नाय."

"नीट चाव. आता?"

"कायच लागत नाय, काका. जीभ जड झालीय."

आई उंबऱ्यावर खाली बसली. दादाने पाल्याचं एक पान स्वतः तोंडात टाकलं, चावलं आणि थुंकलं. त्याला ते कसं लागलं, हे कोणी विचारलं नाही.

थोड्या वेळाने वहिनीने घशाला हात लावला. घसा धरल्यासारखा वाटतोय, म्हणाली. लाळ गिळता येत नव्हती. ती पदराने तोंड पुसत होती. चुलत्याच्या वेळी तिने जे पाहिलं होतं ते तिला ठाऊक होतं, आणि आता ते आपल्याला होत आहे असं ती धरून चालली होती. रडली नाही. बाळाला जवळ घ्यायला तिने हात पुढे केले, तेव्हा शेजारच्या काकी आडव्या आल्या.

"आता पाजू नको गो. दुधात उतरंल."

"भुकेली हाय ती."

"भुकेली राहू दे. तिच्या जिवाशी खेळ नको."

काकी बाळाला उचलून आपल्या घरी घेऊन गेल्या. मधल्या भिंतीपलीकडून ते रडत असलेलं ऐकू येत होतं.

पाड्यावर मंत्राने विष उतरवणारा एक भगत होता. त्याच्याकडे आधी न्यावं असं दोघा-तिघांचं म्हणणं पडलं. त्याचा निकाल वहिनीनेच लावला. बोलणं बोजड झालं होतं, तरी शब्द कळत होते. "माझ्या चुलत्याला भगताकडंच नेला व्हता. मला शहापूरला न्या."

गावात एक जीप होती. एरवी ती भातसानगरला धरणाच्या कामावर भाड्याने लावलेली असे. त्या दिवशी नशिबाने घरासमोर उभी होती. चालक दादाच्या बरोबरीचा, दोघे एका वर्गात शिकलेले. मागच्या बाकावर वहिनी आणि दादा, समोरच्या बाकावर मी, पायांशी गोणपाटात गुंडाळलेला साप. निघताना काकांनी बजावलं की काहीही झालं तरी तिला झोपू द्यायचं नाही. साप चावलेलं माणूस झोपलं की विष डोक्यात चढतं, आणि मग ते उठत नाही.

चालकाने हे काम मनावर घेतलं.

"वैनी, डोळे उघडे ठेवा. गानं म्हना."

"मला गानं येत नाय."

"मग शिव्या द्या. नवरा बाजूलाच हाय. असा चान्स परत मिलनार नाय."

वहिनी पदर तोंडावरून बाजूला करून म्हणाली, "त्याला घरी गेल्यावर देन."

दादाने मान खिडकीकडे वळवली. चालकाने आरशात पाहिलं आणि गाडीचा वेग वाढवला. घरी परत जाण्याचा उल्लेख दुपारपासून पहिल्यांदाच झाला होता, आणि तो तिने केला होता.

माझाही घसा तेव्हा खवखवत होता. भीतीने घसा कोरडा पडतो हे ऐकलेलं होतं. हे तेच असावं, असं वाटलं. दादाचा आवाज बसला होता. त्याचंही नवल वाटलं नाही.

शहापूरच्या सरकारी दवाखान्यात त्या वेळी एक तरुण डॉक्टर होते. बोलण्यावरून मराठवाड्याकडचे वाटत होते; या भागात येऊन त्यांना फार दिवस झाले नसावेत. त्यांनी पहिलं काम केलं ते हाताच्या पट्ट्या सोडवण्याचं. हात निळसर पडला होता. ते विष नव्हे, आवळून बांधल्यामुळे असं होतं, एवढं त्यांनी सांगितलं. पट्ट्या एकदम न काढता हळूहळू सैल केल्या. मग साप पाहायला मागितला.

दादाने गोणपाट उलगडलं.

"डोकं कुठाय?"

"मुसळानं मारला, साहेब."

डॉक्टरांनी साप पेनच्या टोकाने उलटासुलटा केला. भिंतीवर विषारी सापांचा तक्ता होता. त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा सापाकडे पाहिलं. तक्त्यातला रंग उडालेला होता. "पट्टे आहेत," ते म्हणाले. "ही मण्यार नाही, असं मी यावरून सांगू शकत नाही."

मग त्यांनी वहिनीला तपासलं. वर बघा. खाली बघा. पापण्या घट्ट मिटा. उघडा. मान उचला. हे सगळं तिला जमलं. पाणी प्या म्हटल्यावर मात्र अर्धं पाणी हनुवटीवरून खाली आलं. नाव विचारलं तर ते तिने जाड आवाजात सांगितलं. जीभ किंचित सुजल्यासारखी होती. डॉक्टरांनी दादाला बाजूला घेतलं. मीही गेलो.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. डोळे आणि मान विष नाही असं सांगत आहेत. घसा आणि जीभ विष आहे असं सांगत आहेत. विषावरचं औषध दवाखान्यात आहे, पण ते औषधही काहींच्या अंगावर उलटतं, आणि उलटलं तर जिवावर बेतू शकतं. न देता वाट पाहिली आणि श्वास अडला, तर श्वासाचं यंत्र इथे नाही. ठाण्याला न्यावं लागेल, आणि ठाणं लांब आहे. जीप सोडू नका. थोड्या वेळात पापण्या खाली आल्या तर मी औषध सुरू करणार.

दादाने विचारलं, "ती वाचंल ना?"

"म्हणूनच तर बघतोय," डॉक्टर म्हणाले.

सिस्टर मुरबाडकडच्या होत्या, वयाने मोठ्या. त्यांनी औषधाच्या कुप्या काढून टेबलावर मांडल्या. वहिनीच्या हाताला सलाईन लावलं. ती कुप्यांकडे पाहत होती.

त्याच सुमारास आई आली. दुधाच्या टेम्पोतून आली होती, आणि बाळ तिच्या खांद्यावर होतं. ते रडून रडून थकलं होतं, मधूनच दचकून पुन्हा सुरू करत होतं. काकींनी वाटी-चमच्याने दूध पाजून पाहिलं होतं. त्याने एक थेंब घेतला नव्हता. आईने आत येताच डॉक्टरांना विचारलं, "पोरीला पाजू का नको, तेवढं सांगा."

"आजी, थांबा. मला आधी हे बघू द्या." डॉक्टरांनी टॉर्च पुन्हा वहिनीच्या तोंडात धरला. "साप चावण्याआधी काही त्रास होता का? काही खाल्लं होतं?"

"जेवण झालं व्हतं," आई म्हणाली. "भात, सुकट, शेवळाची भाजी."

"शेवळाची म्हणजे?"

"रानातली. कोंब असतात जांभले. त्याला खाज असते, म्हून काकडं, आंबट फलं असतात ती, ठेचून त्याचा रस घालायचा. म्हंजे खाज मरते. नाय घातला तर घसा धरतो."

सलाईनच्या बाजूने वहिनीचा जाड आवाज आला. "काकडं तुमी घातलीत ना, आई?"

आई वळली. "मी? तू घालनार व्हतीस."

"मी पोरीला पाजायला उठली. तुमी चुलीपुढं बसल्यात."

"बसली, ती फक्त ढवलायला. मला वाटलं तू घालून उठलीस."

"मला वाटलं तुमी घालाल."

"मग काकडं हायत कुठं?"

"तिथंच असतील. पाट्यावर. ठेचून ठेवल्यात मी."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. सिस्टरांनी तोंडावर हात धरला. मग तो पुरेना म्हणून त्या भिंतीकडे वळल्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

डॉक्टरांचा आवाज चढला. "सिस्टर, यात हसण्यासारखं काय आहे?"

"साहेब, काकडाशिवाय शेवळं खाल्ली की असंच होतं. जीभ जड, घसा बंद. आमच्याकडं लहानपणी एकदा सगळ्या घराचं झालं होतं."

डॉक्टर खोलीकडे वळून म्हणाले, "ही भाजी अजून कोणी खाल्ली?"

दादाने शाळेत करतात तसा हात वर केला. मीही केला.

"या इकडे. तोंड उघडा."

खाटेच्या कडेला आम्हा दोघांना उभं करून त्यांनी टॉर्च मारला. आधी दादा, मग मी, मग पुन्हा वहिनी. तिघांच्या जिभांच्या कडा लाल होत्या. दादाला विचारलं, "घशाला काही होतंय?"

"व्हतंय," दादा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मला वाटलं रडून झालं असंल."

"तू कवा रडलास?" वहिनीने विचारलं.

दादाने टॉर्चपुढे पुन्हा तोंड उघडलं. चालक दाराशी उभा होता. तो मोठ्याने हसला आणि डॉक्टरांनी पाहताच बाहेर गेला. डॉक्टरांनी आईकडे टॉर्च वळवला.

"माझा उपास व्हता," आई म्हणाली. कोणी दोष दिला नव्हता, पण तिने ते दोष नाकारल्यासारखं सांगितलं. तरी तिने तोंड उघडलं. तिची जीभ स्वच्छ होती.

डॉक्टर खुर्चीत बसले. कपाळ पुसलं. त्यांनी हिशेब पुन्हा मांडला, या वेळी सगळ्यांना ऐकू येईल असा. घसा आणि जीभ भाजीने धरली, हे आता नक्की. सापाने काही केलेलं नाही, हे अजून नक्की नाही. मण्यारीचं विष उशिरा चढू शकतं. म्हणून पेशंट उद्यापर्यंत इथेच राहील, तासातासाला पापण्या बघू. औषध परत फ्रीजमध्ये ठेवा, पण हाताशी असू द्या.

सिस्टरांनी टेबलावरच्या कुप्या उचलल्या. वहिनीने त्या जाताना पाहिल्या आणि डोकं उशीवर टेकलं. त्या दुपारी ती पहिल्यांदाच आडवी झाली होती.

"आणि पोरीचं?" आईने विचारलं.

"पाजा."

"नक्की?"

"मी सांगतोय ना, आजी. पाजा."

आईने बाळ वहिनीच्या कुशीत दिलं. सलाईनचा हात सांभाळत तिने ते जवळ घेतलं. बाळाने आधी थोडा वेळ रडणं चालूच ठेवलं, जणू त्याचा विश्वास बसत नव्हता. मग ते गप्प झालं. खोलीत फक्त त्याच्या गिळण्याचा आवाज राहिला. आई खाटेच्या पायथ्याशी बसून तो आवाज ऐकत होती.

सिस्टर कुठूनतरी चिंच घेऊन आल्या. घसा धरल्यावर आंबट द्यायचं, हे त्यांनी डॉक्टरांना विचारून केलं की न विचारता, ते कळलं नाही. वहिनी, दादा आणि मी तिघेही चिंचेची बुटुकं चोखत बसलो. संध्याकाळ होण्याआधी घशाची खवखव कमी झाली, आणि वहिनीने स्वतःचं नाव आपल्या नेहमीच्या आवाजात सांगितलं. डॉक्टरांनी ते तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

सापाचा प्रश्न मात्र त्या दिवशी सुटला नाही. गोणपाट तसंच बाहेर पडून होतं आणि दुसऱ्या दिवशी ते कोणीतरी टाकून दिलं. तो सुटायला पुष्कळ वर्षं गेली. दोन हजार सालानंतर मी वर्तमानपत्रात काम करत असताना वाचकांनी पाठवलेल्या छायाचित्रांना ओळी लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. एकदा एका सापाचा फोटो आला: काळपट तपकिरी, चकचकीत, पिवळसर आडवे पट्टे. पाठवणाऱ्याने खाली लिहिलं होतं, "मण्यार." तसं छापण्याआधी विचारून घ्यावं म्हणून सापांची माहिती असलेल्या एका गृहस्थांना फोटो दाखवला. त्यांनी पाहताक्षणी सांगितलं की हा कवड्या. बिनविषारी. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलट, तिचे पट्टे शेपटीकडे ठळक आणि डोक्याकडे विरळ किंवा नाहीतच. कवड्या घराच्या भिंतीत, फटीत, टांगलेल्या वस्तूंच्या मागे राहतो, कारण तिथे पाली असतात आणि पाली हे त्याचं खाणं. पकडला की चावतो. त्याहून जास्त त्याच्याकडे काही नाही.

तो अंक मी गावी घेऊन गेलो. वहिनीने फोटो उजेडात धरून पाहिला.

"ह्योच," ती म्हणाली.

"नक्की?"

"मानेजवल दाट व्हते पट्टे. मी पायलंय. तुमी सगले डोकं बघत व्हतात, ते नव्हतंच." मग तिने विचारलं, "ह्याला विष नाय?"

"नाय. पाली खातो."

"म्हंजे आपल्याच घरात राहत व्हता. बिचारा."

त्याच्या पुढच्या वर्षी विजेच्या मीटरच्या मागे तसाच एक साप निघाला. दादा काठी आणायला निघाला तेव्हा वहिनीने त्याला थांबवलं, आणि पट्टे कुठे ठळक आहेत ते आधी बघायला लावलं. मानेजवळ ठळक होते. तो साप झाडूने परसात ढकलून देण्यात आला.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी दवाखान्यात यातलं काहीच कोणाला माहीत नव्हतं. डॉक्टर बोलल्याप्रमाणे येत राहिले. वर बघा, खाली बघा, मिटा, उघडा. दर वेळी पापण्या जागच्या जागी. आई मध्ये मध्ये स्वतःच पापण्या बघून घेत होती, आणि डॉक्टर नसताना दादाही. वहिनी वैतागली. "किती वेला बघाल? दुखायला लागले डोले."

"दुखू दे," आई म्हणाली. "मिटू नको म्हंजे झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले तेव्हा वहिनी खाटेवर ताठ बसलेली होती, डोळे लाल, चेहरा उतरलेला. त्यांना शंका आली. पुन्हा सगळी तपासणी केली. पापण्या, मान, हात, श्वास, सगळं ठीक.

"रात्री झोप लागली नाही का?"

"लागत व्हती," वहिनी म्हणाली. "लागू दिली नाय ह्यांनी."

"का?"

आईने उत्तर दिलं. "झोपली की विष चढतं."

डॉक्टरांनी वहीवर सही केली, ती बंद केली, आणि मग आईला म्हणाले, "आजी, विष नाही. घरी न्या. आणि आता हिला झोपू द्या. हेच औषध."

जीपवाला तोच होता. येताना वहिनीने दादाला शिव्या दिल्या नाहीत; चालकाने आठवण करून दिली तेव्हा ती म्हणाली, अंगात ताकद आल्यावर देईन. घरी पोचल्यावर तिने पाट्यावर सुकलेली काकडं पाहिली, एका हाताने गोळा करून परसात टाकली, आणि पडवीत चटई टाकून बाळासकट आडवी झाली. पाठ टेकताच झोपली.

गावाला बातमी लागली होती की ती परत आली. मग एकेक जण येऊ लागला. भर दुपारी पडवीत निपचित पडलेली वहिनी पाहून प्रत्येक जण दारातच थबकत होता. आई उंबऱ्यावर बसली होती. येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगत होती: भाजीनं घसा धरला, जनावरानं काय केलं नाय, झोपलीय, झोपू दे. काकडं कोणी घालायची होती, हे ती सांगत नव्हती.

काका आले तेव्हा त्यांनी आत वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पालटला.

"झोपली? अगो, उठवा तिला!"

"डॉक्टरनं सांगितलंय झोपू द्या म्हून."

"डॉक्टर काय सांगतो! दिवसाढवल्या अशी झोपते का कोन?"

"काका, बाजूला व्हा. वारा अडतोय तिचा."

काका बाजूला झाले नाहीत. वहिनीची छाती वरखाली होते का, ते पाहत उभे राहिले. होत होती, पण बाळ अंगावर असल्याने त्यांना नीट दिसेना. ते आणखी वाकले.

वहिनीने डोळे न उघडता सांगितलं, "जिती हाय, काका. जावा घरी."

तिने बाळाला सांभाळत कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. काका थोडा वेळ थांबले, मग चप्पल घालून निघाले. अंगणात पोचल्यावर त्यांनी पुढून येणाऱ्या दोघांना हाताने परत फिरवलं.

"आता नको," ते म्हणाले. "झोपलीय."